म्हशीचा कासरा आणि ढब्बू

नातीनं कुत्र्याच्या पिल्लाला शिकवायला तीस फुटी नायलॉनचा पट्टा मागवलाय. काल तो भिजला, आज त्याला ओला, कुबट वास आला, आणि मला कसबा बावड्यातल्या आमच्या गोठ्यातला म्हशीचा कासरा आठवला.

लग्नाला चारच महिने झाले होते. माझ्या लाडक्या पिल्लानं, ढब्बूनं, सासूबाईंची नवीकोरी चप्पल फस्त केली. त्यांनी ठणकावलं, "रविवारपत्तोर ह्ये ऐकाय लागलं न्हाय, तर शिरोळच्या पावण्यांकडं धाडणार बघ!"

मी घाबरले, पण तोरा केवढा! म्हशीचा लांबलचक कासरा ढब्बूच्या गळ्यात बांधला आणि दुसरं टोक माझ्या कमरेला, म्हणजे भाकरीचा तुकडा दाखवायला दोन्ही हात मोकळे. मोठी मास्तरीणच की मी!

रविवारी सासूबाई परीक्षा घ्यायला दारात उभ्या राहिल्या. तेवढ्यात कोंबडी आली. ती माझ्याभोवती पळाली, ढब्बू तिच्यामागं, आणि तीन फेऱ्यांत माझे पाय कासऱ्यात पक्के गुंडाळले गेले.

"बस खाली!" सासूबाई गरजल्या.

ढब्बू पटकन बसला. मीही बसले, थेट शेणाच्या पाटीत.

सासूबाई तोंडाला पदर लावून हसतच सुटल्या. "दोघंबी ऐकत्यात की गं माझं! ऱ्हाऊ दे त्येला."

त्या दिवशी मी लाजेनं मोरीत जाऊन रडले होते. आता वाटतं, ढब्बू राहिला तो त्या शेणामुळंच.

अंगणात नात "बस!" म्हणून ओरडतेय. तिचं पिल्लू ढुंकूनही बघत नाही. माझे गुडघे मात्र अजून वाकतात.