तारीख न टाकलेला राजीनामा

करमाडचा पुंजाराम कारखान्यात फिटर होता. राहायला बजाजनगरात, भाड्याच्या एका खोलीत पाच माणसं. सरकारनं त्याला घरबांधणी मंडळाचा सदस्य नेमलं, तेव्हा आपल्याला घर मिळालं असंच त्याला आधी वाटलं. तसं नव्हतं. मंडळावर कामगारांचा म्हणून एक माणूस लागतो, आणि जिल्ह्याचे पुढारी नानासाहेब यांना न भांडणारा दुसरा कामगार सापडला नव्हता.

राजपत्रात नाव छापून आलं त्याच दिवशी नानासाहेबांनी त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला. रीतच होती तशी. सगळ्याच सदस्यांचा घेत.

"आत्ताच तर नेमलं ना, साहेब?"

"म्हणूनच आत्ता. तारीख टाकू नको. ती आमची."

नेमणुकीच्या हुकमात मुदत लिहिली होती: शासनाची मर्जी असेपर्यंत. ही मर्जी कुठल्या कचेरीत बसते, ते लिहिलं नव्हतं. तीन बैठका झाल्या. मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम करायचं, चहा प्यायचा, सही करायची. चौथ्या बैठकीचं पत्र आलंच नाही. मुंबईत सरकार बदललं होतं.

तेवढ्यात मंडळाच्या घरांची सोडत जाहीर झाली. अर्जावर छापलं होतं, 'मी मंडळाचा सदस्य नाही.' खाली सही.

"मी हाय का नाय?" पुंजारामानं मंडळातले कारकून शफीभाई यांना विचारलं.

"देखो पुंजारामभाऊ, नवं मंडळ नेमल्याचा हुकूम नाही. जुनं काढल्याचा भी नाही."

"मंग माझा राजीनामा?"

"वो हमारे इधर आयाच नहीं."

नानासाहेबांनी ट्रंक उघडली. अकरा राजीनामे निघाले, पुंजारामाचा नव्हता. "पाठवला असंल," ते म्हणाले. "नायतर नसंल."

"भरा अर्ज," बायको सरूबाई म्हणाली. "तुम्हाला तिथं बसलेलं बघितलंय कुणी?"

त्यानं भरला.

सोडतीच्या दिवशी मंडप गच्च भरला. चिठ्ठ्या सदस्याच्या हातानं काढायच्या असा नियम, आणि एकही सदस्य फिरकला नव्हता. आपण अजून आहोत की नाही, हे बाकीच्यांनाही ठाऊक नसावं. अधिकाऱ्याची नजर तिसऱ्या रांगेवर थांबली.

"सदस्यसाहेब! या वर. तुमच्याविना सोडत रद्द करावी लागेल."

"मी राजीनामा दिलाय."

"मंजूर झाल्याचा कागद आहे?"

"नाय."

"मग आहात."

"जा की हो!" मागून कुणीतरी ओरडलं. "वरीसभर पुन्हा थांबायचं का आम्ही?"

"लाजतंय गडी. नवरदेवच जणू!"

पुंजारामानं सरूबाईकडं पाहिलं. ती समोर बघत होती.

"डब्यात माझी बी चिठ्ठी हाय," तो शेवटी म्हणाला. "ती आधी काढा."

डबा सतरंजीवर पालथा केला. चारशे बारा चिठ्ठ्या एकेक उघडून पाहिल्या. तासभर लोक उन्हाला आणि पुंजारामाला शिव्या देत होते. चिठ्ठी सापडली तेव्हा अधिकाऱ्यानं ती त्याच्या हातात दिली, कारण अशी चिठ्ठी कुठल्या फायलीला लावायची, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

पुंजारामानं ती सरूबाईला दिली. तिनं घडी मोडली, घर लागल्यागत त्या कागदाकडं बराच वेळ पाहिलं, आणि तो कनवटीला खोचला.

"जावा आता वर," ती म्हणाली. "आन् नीट हलवून काढा. लोकं बसलीत."