बाबांचा फिस्टुला, आईचा हात

आधीच सांगते, आमच्या घरात भुताखेतांना, अंगाऱ्या-धुपाऱ्यांना थारा नाही. आम्ही बौद्ध. आजोबांनी देव नदीत सोडले ते सोडलेच. त्यामुळे खाली "माउलीची कृपा" वगैरे प्रतिक्रिया देऊ नका... मी आधीच चिडलेली आहे.

साल २००७. आम्ही अंबरनाथ पूर्वेला राहायचो. बाबांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, उल्हासनगरच्या एका खाजगी सेंटरमध्ये डायलिसिस चालायचं. त्यासाठी डाव्या हाताची धमनी आणि शीर ऑपरेशनने जोडलेली — तो फिस्टुला. त्यावर बोट ठेवलं की मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. ती लागली म्हणजे रक्त वाहतंय. रोज सकाळी चहाआधी आई बाबांच्या हातावर हात ठेवायची आणि म्हणायची, "चालू आहे." उजव्या हाताच्या शिरा सलाईन टोचून टोचून वाया गेलेल्या. हा एकच हात उरला होता.

चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्याच मंडळाने आरोग्य शिबिर ठेवलं. बाबांच्या उजव्या हातात खिरीची वाटी, म्हणून बीपीच्या पट्ट्यासाठी त्यांनी डावा पुढे केला. फिस्टुलाच्या हाताला पट्टा बांधायचा नसतो, दाबाने रक्त गोठून तो बंद पडतो, हे त्यांना पाठ होतं. पण बांधणारी आपल्याच वस्तीतली पोरगी, तिला चारचौघांत नाही कसं म्हणायचं? मशीन नीट दाखवेना म्हणून तिने पुन्हा पुन्हा आवळला. घरी आल्यावर मी बाबांवर ओरडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी थरथर बंद.

आईने दोनदा चाचपून पाहिलं. मग स्वतःचाच डावा हात माझ्यापुढे धरला. "बघ गं, इथे लागतंय." मी बोट ठेवलं... आणि चटकन काढलं. तीच थरथर, त्याच जागी. आईच्या हाताला जन्मात कधी टाकासुद्धा पडलेला नाही.

सेंटरमध्ये डॉक्टरांनी बाबांचा हात बघितला न बघितला. "फिस्टुला बंद पडला, संपला विषय. आता डायलिसिससाठी मानेत नळी टाकू." त्या नळीतून इन्फेक्शन होऊन माणसं गेलेली आम्ही तिथेच पाहिली होती.

"संपला नाही डॉक्टर. हे बघा, चालू आहे," आई म्हणाली आणि आपला हात पुढे केला. डॉक्टर सगळ्यांसमोर हसले. टेक्निशियनने गंमत म्हणून तिच्या हाताला स्टेथोस्कोप लावला आणि त्याचं हसू गेलं. परत लावला. "मावशी, बीपी वाढलंय तुमचं, गोळी घ्या," म्हणून तो निघून गेला. बीपी न मोजताच.

माझं डोकं फिरलं. मी विचारलं, "बंद पडलेला उघडता येतच नाही का?"

"येतो ना," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "मुंबईत बारीक वायर घालून फुग्याने उघडतात. पण लगेच जावं लागतं. तुम्हाला झेपणार नाही म्हणून बोललो नाही."

झेपणार नाही — हे कपडे बघून ठरवलं की आडनाव ऐकून, तेच जाणोत.

तसेच गाडी करून मुंबई गाठली. हाताला सुईएवढं भोक, त्यातून नळी घालून गुठळी काढायची आणि शीर आकसलेली असेल तिथे फुगा फुगवायचा. बाबा पूर्ण जागे. मी बाहेर बाकावर आईचा हात धरून बसले होते. थरथर चालूच. आणि एकदम थांबली... बटण बंद केल्यासारखी. मला वाटलं, बाबा गेले. मी रडायलाच लागले.

"रडतेस काय? त्यांचं त्यांना परत गेलं," आई म्हणाली. थोड्या वेळाने डॉक्टरीण बाई बाहेर आल्या. "चालू झाला. येऊन हात लावून बघा."

घरी परतल्यावर शेजारची सिंधी भाभी म्हणाली, "तेरी माँ तो सती सावित्री है." आई भडकली. "मी काय वडाला फेऱ्या मारल्या? हाताला लागलं ते सांगितलं."

पुढे मी बऱ्याच डॉक्टरांना विचारलं. म्हणतात, मनाचे खेळ. मग माझ्या बोटाला काय लागलं? त्या टेक्निशियनच्या कानात काय वाजलं? मला आजही माहीत नाही. आणि खरं सांगू, माझा राग वेगळाच आहे. वायर होती, फुगा होता, उघडणारी माणसं होती, सगळं दोन-अडीच तासांवर. आईचा हात थरथरला नसता तर मी तो प्रश्न विचारलाच नसता, मुकाट्याने नळीसाठी सही केली असती. त्या सेंटरमध्ये ज्यांचा फिस्टुला बंद पडला आणि घरात कुणाच्याच हाताला काही लागलं नाही, त्यांनी काय करायचं होतं?