पप्पांचा लॅपटॉप मी साफ केला

चहा गार झाला तरी चालेल, पण हे ऐकून घ्या. माझ्याबद्दल तुमचं मत बरं असेल, तर ते आज बदलणार आहे. घरात हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगितलेला बरा.

मी तसा काळजीचा माणूस. गॅस बंद केलाय का बघायला खाली उतरल्यावर परत तिसरा मजला चढतो. मीनल, माझी बायको, म्हणते की तुझ्याबरोबर बाहेर पडायचं म्हणजे दोनदा बाहेर पडायचं. असल्या माणसाच्या हातून हे झालंय, एवढं लक्षात ठेवा.

आमचे पप्पा विक्रोळीतल्या एका मोठ्या कारखान्यात बत्तीस वर्षं स्टोअरकीपर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी माझा जुना लॅपटॉप घेतला आणि आठवणी लिहायला बसले. गावाहून मुंबईत कसे आले, कारखान्यात कसे चिकटले, वस्तीतल्या पोरांनी मिळून विहाराची भिंत कशी उभी केली, सगळं. टायपिंग एका बोटाने. दीड वर्षात त्र्याण्णव पानं झाली होती. बुद्धपौर्णिमेला विहारात त्यातली काही पानं वाचायचं ठरलं होतं आणि पप्पांनी त्यासाठी नवा पांढरा शर्ट शिवायला टाकला होता.

पण लॅपटॉप पार थकलेला. पप्पा अक्षर दाबायचे, चष्मा पुसायचे, मग ते अक्षर यायचं. सकाळी चालू करून आंघोळीला जायचे. शेवटी एका शनिवारी मला म्हणाले, "राहुल, बघ ना याचं काहीतरी. माझ्यापेक्षा हाच जास्त म्हातारा झालाय."

"उद्या सगळं पुसून नवीन विंडोज टाकतो, पप्पा. एकदम झकास चालेल."

"पुसून म्हणजे? माझं लिहिलेलं?"

"त्याची कॉपी घेतो ना आधी. तुम्ही बिनधास्त राहा."

पप्पांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. संध्याकाळी पिशवी काखेत मारून ते बाहेर पडले. मला वाटलं, भाजीला गेले असतील.

रविवारी सकाळी पप्पा विहारातल्या मीटिंगला गेले आणि मी बसलो. कॉपी घेतली हां मी. नाही घेतली असं कुणी म्हणू नका. घरात पेन ड्राईव्ह एकच, ऑफिसने एका दिवाळीत मिठाईऐवजी दिलेला. पप्पांचं फोल्डर त्यावर टाकलं. उघडून बघितलं, त्र्याण्णव पानं. बंद करून परत उघडलं, त्र्याण्णव पानं. पेन ड्राईव्ह काढून, पुन्हा लावून तिसऱ्यांदा बघितलं. गॅसचीसुद्धा एवढी खात्री मी कधी केली नसेल.

मग मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. त्यातला माणूस म्हणाला, "अब एक पेन ड्राईव्ह लीजिए." म्हणजे नवीन विंडोज आधी पेन ड्राईव्हवर उतरवायची आणि तिथून लॅपटॉपमध्ये टाकायची. मी म्हटलं, बरं झालं, पेन ड्राईव्ह लावलेलाच आहे.

हसू नका, अजून वेळ आहे.

स्क्रीनवर विचारलं, या ड्राईव्हवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का? मला वाटलं लॅपटॉपबद्दल विचारतोय. पुसायलाच तर बसलो होतो. ओके दाबलं. पुढे लॅपटॉपची पाळी आली तेव्हा त्यानेही तेच विचारलं. परत ओके. मला दोनदा विचारलं होतं हो, आणि दोन्ही वेळा मी अगदी मनापासून हो म्हटलं.

दुपारपर्यंत लॅपटॉप पळायला लागला. मी खूश. आता पप्पांचं फोल्डर परत टाकू म्हणून पेन ड्राईव्ह उघडला, तर आत नुसती विंडोज. मी तो काढला, पुसला, परत लावला. नुसती विंडोज. 

"मीनल, पप्पांचं पुस्तक गेलं."

"पेन ड्राईव्हवर घेतलं होतंस ना?"

"त्याच्यावरच विंडोज टाकली."

मीनलने गॅस बारीक केला. "म्हणजे घर धुवायचं म्हणून सामान शेजारी ठेवलंस, आणि मग शेजारच्यांचं घरपण धुतलंस."

"पप्पांना काय सांगू?"

"जे झालं ते सांग. अजून काय सांगणार?"

मी सांगितलं नाही. पप्पांना म्हटलं, सेटिंग चालू आहे, चार-पाच दिवस लागतील. सोमवारी ऑफिसातून लवकर निघून घाटकोपरला एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने दोन्ही वस्तू बघितल्या आणि माझ्याकडे बघितलं. "भाऊ, इथूनपण पुसलंस, तिथूनपण पुसलंस, वरून नवीन लिहिलंस. मी काढू कुठून?" मी त्याला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्याने मला पाणी दिलं.

घरी येताना मला युक्ती सुचली. पप्पांकडून सगळ्या आठवणी परत काढून घ्यायच्या आणि गुपचूप टाईप करायच्या. त्र्याण्णव पानं तर त्र्याण्णव पानं. मंगळवार, बुधवार रजा टाकली. मीनलला बोंबील तळायला लावले, पप्पांना आवडतात म्हणून, आणि त्यांच्यासमोर जाऊन बसलो.

"पप्पा, तुम्ही मुंबईत आलात ना, तेव्हा पहिल्या दिवशी कुठे उतरलात?"

पप्पांनी पेपर खाली केला. "का रे?"

"असंच."

आता आमच्या घरात चाळीस वर्षांत कुणी कुणाला असंच काही विचारलेलं नाही. पप्पांनी माझ्याकडे बघितलं, बोंबलांकडे बघितलं आणि सांगायला लागले. मी टेबलाखाली मोबाईल धरून टाईप करत होतो. कुठे उतरले, कुणाकडे राहिले, पहिला पगार. मग स्टोअरच्या गोष्टी निघाल्या.

"आमच्याकडे कागद म्हणजे तीन कॉपी. पांढरी, गुलाबी, पिवळी. तीन ठिकाणी ठेवायच्या, एका कपाटात नाही. आणि काही खोडलं तर बाजूला सही, सहीखाली तारीख. तारीख नसेल तर मी माल सोडायचो नाही, साहेब असला तरी."

हे मी शब्द न शब्द उतरवून घेतलं. डोक्यात काही शिरलं नाही, नुसतं उतरवलं.

बुधवारी विहाराच्या भिंतीची गोष्ट चालू होती आणि मध्येच पप्पांनी विचारलं, "राहुल, माझे रक्ताचे रिपोर्ट तू आणलेस ना?"

"हो, बॅगेत आहेत."

"काय आलंय?"

माझं एक वाक्य टाईप करायचं राहिलं होतं. मान खाली ठेवूनच मी म्हटलं, "ठीक आहे हो ते. तुम्ही भिंतीचं सांगा. पटकन सांगा."

 पप्पांनी एकदम हळू आवाजात भिंत पुरी केली.

गुरुवारी सकाळी ते मला मोरीत घेऊन गेले. "हा कॉक डावीकडे फिरतो, लक्षात ठेव. बाहेरची शिडी तळमजल्यावाल्यांची आहे, परत द्यायची आहे." मग मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "तुझ्याकडे ठेव. मला काय करायचंय आता वेळ बघून."

मी घाबरलो. पप्पा असं का बोलतायत? त्यांना काही होतंय आणि आपल्याला सांगत नाहीत की काय? मी ताईला, माझ्या मोठ्या बहिणीला, पवईला फोन लावला.

"ताई, पप्पा विचित्र वागतायत गं. घड्याळ काढून दिलं मला."

"काल मला फोन करून विचारत होते, तू सुखी आहेस ना बाळा म्हणून." ताई म्हणाली. "पप्पांनी आजवर मला फोनवर फक्त 'ठेवतो' म्हटलंय, राहुल. काय झालंय त्यांना?"

तासाभरात ताई रिक्षाने आली. डोळे सुजलेले. पप्पांनी आम्हाला दोघांना समोर बसवलं.

"राहुल, आता लपवू नको. डॉक्टरने किती दिवस सांगितलेत?"

"कसले दिवस?"

"माझे. तू रजा काढून बसलायस, बोंबील खायला घालतोयस, माझा जन्म लिहून घेतोयस टेबलाखाली. मी काय बघत नाही का?"

ताई मोठ्याने रडायला लागली. दारात उभी राहून मीनल माझ्याकडे अशी बघत होती की मला बोलावंच लागलं.

"पप्पा, तुम्हाला काही झालेलं नाही. तुमचं पुस्तक गेलं. मीच पुसलं. लॅपटॉपवरचं पुसलं आणि कॉपीपण पुसली."

ताईचं रडणं थांबलं. "लॅपटॉप? लॅपटॉपचं कोण विचारतंय? पप्पांना काय झालंय ते सांग."

मी बॅगेतून रिपोर्ट काढून दिले. पप्पांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले. सगळं नॉर्मल. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि हात पुढे केला. "घड्याळ दे."

मी दिलं. आणि मग, खोटं कशाला सांगू, मलाच रडू आलं. दीड वर्ष ते एका बोटाने लिहीत होते आणि मी एका सकाळी सगळं घालवलं होतं. "सॉरी पप्पा" एवढंच मला म्हणता आलं.

पप्पा उठले, गोदरेजचं कपाट उघडलं आणि एक जाड फाईल माझ्यासमोर ठेवली. पांढरे कागद. त्र्याण्णव पानं.

"दर आठवड्याला लॅपटॉप पिशवीत घालून झेरॉक्सवाल्याकडे जात होतो. तीन कॉपी. गुलाबी ताईच्या माळ्यावर आहे, ते बांधलेलं पार्सल. पिवळी गायकवाडकडे मालाडला."

ताई म्हणाली, "पप्पा, मला वाटलं जुने कपडे आहेत."

"पण मला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"तू विचारलंस का? आणि तू 'बिनधास्त राहा' म्हणालास, त्याच संध्याकाळी जाऊन शेवटची चार पानं काढून आणली."

म्हणजे ती भाजीची पिशवी. मी दोन दिवस त्यांच्याकडून तीन कॉपींचा नियम लिहून घेत होतो आणि कॉपी आहे का, एवढं विचारायला मला सुचलं नव्हतं.

पप्पांनी फाईल चाळली आणि चाळिसावं पान काढलं. त्यावर लिहिलं होतं, 'चिरंजीव राहुल याला कंप्युटरचे उत्तम ज्ञान असून, हे लेखन त्याच्या हाती सुरक्षित आहे.' पप्पांनी लाल पेन घेतलं, पट्टी ठेवून ओळ खोडली, सही केली, तारीख घातली.

"पांढरीचं झालं," ते म्हणाले. "गुलाबी आणि पिवळी तू करून ये. तिन्ही कॉपी सारख्या पाहिजेत."

गेलो ना मी. काय करणार? पवईला ताईच्या माळ्यावर चढून स्वतःची तारीफ स्वतःच्या हाताने खोडली. तिथून मालाडला गेलो. गायकवाडकाका पप्पांचे स्टोअरमधले सोबती. त्यांनी जयभीम घातला, पिवळी फाईल काढून दिली आणि विचारलं, "का रे खोडतोयस? चांगलं लिहिलंय की बापाने." मग त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. ते एवढे हसले की काकू आतून पाणी घेऊन आल्या.

मी पट्टी लावून ओळ खोडली, बाजूला सही केली, दोन्ही पानांचे फोटो पप्पांना पाठवले आणि सुटलो एकदाचा म्हणून चपला घातल्या. तेवढ्यात मोबाईल वाजला. पप्पांचा मेसेज होता, एका बोटाने टाईप केलेला.

"दोन्हीवर तारीख नाही. परत जा."