हवालदारांची हवा

आमच्या भाऊजींना सगळी गल्ली हवालदार म्हणायची. गैरसमज नको. पोलिसांशी त्यांचा संबंध आला तो फक्त त्यांच्या गाड्यांच्या चाकांपुरता. चौकाच्या कोपऱ्यावर भाऊजींचं पंक्चरचं दुकान होतं, आणि जो हवा देतो तो हवालदार, असं कुण्या टवाळानं ठरवून टाकलं. नाव चिकटलं ते चिकटलं. माझ्या ताईला तर भाजीवालीसुद्धा हवालदारीणबाई म्हणायची. ताई आधी चिडायची, मग ओ द्यायला लागली.

माणूस लाखात एक, पण एक खोड. जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांचं एकच औषध: हवा. उशी सपाट झाली, हवा कमी पडली. मुलगी परीक्षेत मागे पडली, हवा कमी पडली. माझं लग्न जमत नव्हतं तेव्हा मला म्हणाले, "मेव्हणीबाई, तुझी केस उलटी आहे. तुझ्यात हवा जास्त झालीय." मी पुढे कितीतरी दिवस त्यांना चहा बिनसाखरेचा दिला.

मग गुडघे गेले. उकिडवं बसल्याशिवाय पंक्चर निघत नाही, आणि भाऊजी एकदा बसले की त्यांना उठवायला गिऱ्हाईकच लागायचं. शेवटी दुकान दुसऱ्याच्या हवाली केलं, दुकानामागचं घर सोडलं आणि दोघं मुलीच्या जवळ, लिफ्ट असलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आली, आणि त्यांच्या मागे शेपटासारखी मीही. जुन्या घरामागे ताईची बाग होती. इथे बाल्कनी म्हणजे वाळत घातलेल्या दोन चादरी. ताईचं तोंड पडलेलं बघून मुलीनं तिला काचेची मोठी टाकी आणून दिली, माशांची. ताईनं त्यात मूठभर मासे सोडले शोभेला, आणि बाकी सगळी पाण्यातली झाडं लावली. कुंड्या नाहीत तर नाहीत, बाई पाण्यात बाग करून बसली.

ताईचं असं मार्गी लागलं. भाऊजींचं काही लागेना. घरातले सगळे नळ त्यांनी इतके आवळून ठेवले की ताईला ते उघडायला शेजाऱ्यांना बोलवावं लागलं. कुकरचं झाकण रोज तपासायचे. "अहो, एका जागी बसा ना जरा," ताई म्हणायची, आणि मग ते बसायचे आणि त्याहून वाईट वाटायचं. एका दुपारी मी मटार सोलत होते, तर शेजारी येऊन टेकले. म्हणाले, "शटर उघडायच्या आधी माणसं वाट बघत उभी असायची गं. आता मी कुणाला हवा?"

जन्मभर त्यांच्या तोंडून हवा हा शब्द ऐकला होता, पण हा हवा वेगळाच होता. मी चार मटार त्यांच्याही पुढ्यात सरकवले.

आणि दुसऱ्याच सकाळी भाऊजींची आरोळी आली. "अगं, मासे गुदमरतायत!" बघते तर सगळे मासे पाण्याच्या वर तोंडं काढून आ वासतायत. हवालदारांना काम मिळालं! तसेच चप्पल अडकवून माशांच्या दुकानात गेले आणि हवेचा पंप घेऊन आले. टाकीत नळी सोडली, बटण दाबलं, आणि बुडबुड्यांची अशी काही रांग लागली की विचारू नका. भाऊजी समोर खुर्ची टाकून बसले. कितीतरी दिवसांनी त्यांची पाठ ताठ दिसली मला.

इकडे ताईच्या झाडांची पानं पिवळी पडून गळायला लागली. मुलगी मोबाइलवर वाचून म्हणाली, "आई, झाडांना हवा नको, कार्बन डायऑक्साइड हवा." झालं! ताई गेली त्याच दुकानात. तो दुकानदार भाऊजींना म्हणाला होता "हवा तर पाहिजेच," आता ताईला म्हणाला "गॅस तर पाहिजेच." तो कशाला नको म्हणेल? साखर-यीस्टचं पाणी भरायची बाटली, त्यातून गॅस टाकीत नेणारी नळी, सगळं तिच्या पिशवीत घालून दिलं.

भाऊजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माशांना सोडावॉटर पाजणार का आता?"

"तुम्ही त्यांना वादळात ठेवलंय ते चालतं?"

तेव्हापासून टाकीत डावीकडून नवऱ्याची हवा आणि उजवीकडून बायकोचा गॅस. बरं, पानं गळायची थांबली का? नाव नको. ताईनं पंप बंद केला की भाऊजी बाल्कनीत जाऊन उभे राहायचे. मग तीच बिचारी पुन्हा चालू करायची. मला म्हणाली, "झाडं गेली तर परत आणता येतील गं. ह्यांचं काय करू?" माझी ताई अशी. रागावली तरी हिशेब समोरच्याच्या बाजूनं करते. तिच्या जागी मी असते तर पंप खिडकीतून खाली गेला असता.

मग एके दिवशी बाटलीतून गॅस येईना. मुलगी कामावर गेलेली. ताई नळी उलटीसुलटी करत बसली. भाऊजी लांबून बघत होते. बघणार नाही, बघणार नाही म्हणता म्हणता जवळ आले. गळती समोर असताना तो माणूस गप्प बसेल? शत्रूची का असेना!

"आण इकडे. घमेल्यात पाणी घे गं," मला हुकूम सोडला. जुन्या सवयीनं बाटली दाबत नळी पाण्यात धरली आणि इंचाइंचानं पुढे सरकवायला लागले. बुचाच्या जोडापाशी बुडबुड बुडबुड. "हे बघ! बुडबुडा आला की समजायचं, इथून हवा निघून चाललीय."

एवढं बोलले आणि थांबले. घमेल्याकडे बघितलं. मग टाकीकडे बघितलं. त्यांच्या लाडक्या पंपाचे बुडबुडे भराभर वर जात होते आणि पाण्यावर येऊन फट्‌ फट्‌ फुटत होते.

"अरेच्चा," भाऊजी हळूच म्हणाले, "ही तर सगळी बाहेरच चाललीय."

उभा जन्म ज्यानं बुडबुडे बघून गळती शोधली, त्यानं आपल्याच घरातले बुडबुडे मात्र भरती समजून बघितले होते! मला हसू आवरेना.

"आणि पाणी एवढं घुसळलं," ते म्हणाले, "म्हणजे तुझा गॅसही माझ्याच बुडबुड्यांनी उडवून लावला असणार." उठले, कसेबसे, भिंतीला धरून, आणि स्वतःच्या हातानं पंप बंद केला. माझं हसू तिथेच थांबलं. चेहरा बघवत नव्हता हो त्यांचा.

"अहो, पण मासे गुदमरतील ना?" ताई म्हणाली. फक्त त्यांच्यासाठी म्हणाली, मला कळत होतं.

मी टाकीजवळ गेले. तर सगळे मासे माझ्याकडे धावत वर आले आणि आ वासून उभे. मी बोट डावीकडे नेलं, आ डावीकडे. उजवीकडे नेलं, आ उजवीकडे. "भाऊजी, हे गुदमरत नाहीयेत! हे भुकेले आहेत! ताई सकाळी खायला घालते, त्याचीच वाट बघत होते मेले!"

मुलीला फोन लावला. तिनं पुन्हा नीट वाचून सांगितलं. मासे मोजके, आणि टाकीतल्या फिल्टरच्या धारेनं पाणी वरून हलतं, तेवढी हवा त्यांना पुरते. टाकीत दाटी असती तर पंपाचं बघितलं असतं. झाडंही सावकाश वाढणाऱ्यांतली, त्यांना गॅसची घाई नाही. "मग पानं का गळतात?" मी विचारलं.

उत्तर ताईनंच दिलं. "मला मेलीला आधीच कळायला हवं होतं. रोप एका जागेचं उपटून दुसऱ्या जागी लावलं की आधी जुनी पानं टाकतं. मुळं धरली की नवी फुटतात. आपण थांबलोच नाही." तिनं एक पिवळं पान बाजूला केलं. खाली देठाशी नखाएवढा हिरवा कोंब होता.

भाऊजींनी पंपाची वायर गुंडाळून डब्यात ठेवली. "म्हणजे हवा नको, गॅस नको. बरं झालं," म्हणाले, आणि बाल्कनीकडे वळले.

"चाललात कुठे?" ताई कडाडली. माझी ताई कडाडली! "मागचं रोप उपटून वर आलंय, ते कोण लावणार? माझा हात तळाला पोचत नाही. बारीक भोकात बोट घालायची सवय कुणाला आहे ह्या घरात?"

भाऊजींनी बाही वर केली आणि हात खांद्यापर्यंत टाकीत घातला. त्या जाड्याभरड्या बोटांनी ते एवढंसं रोप वाळूत असं काही रोवलं की मासेसुद्धा बाजूला होऊन बघत राहिले. ताई काचेला नाक लावून सांगत होती, जरा डावीकडे, हं, आता दाबा. आणि मग त्याच सुरात, काचेकडे बघतच म्हणाली, "हवा नकोय मला. तुम्ही हवे आहात."

हात पाण्यातच राहिला. बाहीतून पाणी गळत होतं, मी तिथे उभी आहे ह्याचंही भान नव्हतं त्यांना.

"पुन्हा एकदा म्हण."

"नाही म्हणणार," ताई म्हणाली. "डोक्यात हवा जाईल."