सुक्या बर्फाच्या गाडीतली झोप

आमच्या वन्संना गप्पा मारता येत नाहीत. त्या शिकवतात. कॉलेजात केमिस्ट्री शिकवून निवृत्त झाल्या, तरी खोड गेली नाही. मी केक केला आणि तो छान फुगला, तर छान झाला म्हणतील? छे. चमचाभर सोड्यातून किती लिटर वायू निघाला ते सांगतील. मी म्हणते, "वन्सं, आधी खाऊन तर बघा." मग त्या खातात, आणि नंतर सांगतातच.

वजनावरून वायूचं आकारमान काढायचं तर आधी मोल काढा, हे त्यांचं आयुष्यभराचं सांगणं. मोल म्हणजे डझनासारखंच मोजायचं माप, फक्त कण मोजायचं आणि अफाट मोठं. ग्रॅमवरून थेट लिटरवर उडी मारणाऱ्या मुलाकडे त्या अशा बघायच्या की बिचाऱ्याला घाम फुटावा.

माझे यजमान म्हणजे वन्संचे धाकटे भाऊ. आई लवकर गेली, तेव्हा ताईनंच त्यांना न्हाऊमाखू घालून वाढवलं. आणि हे पठ्ठे नापास झाले ते नेमके ताईच्याच विषयात! तेव्हापासून मोल म्हटलं की ह्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. पुढे शिक्षण सोडून ते गाडी चालवायला लागले. खरं सांगायचं तर उत्तम चालवतात.

सध्या ते आइस्क्रीमच्या कारखान्याची छोटी बंद गाडी चालवतात. सीटच्या मागेच थर्माकोलची खोकी असतात आणि खोक्यांत सुका बर्फ. ह्या बर्फाचं पाणी होत नाही. त्याचा थेट वायू होतो, कार्बन डायऑक्साइड. त्याला ना रंग, ना वास. आमचं घर पत्र्याचं, दुपारी नुसती भट्टी. म्हणून हे जेवून गाडीत जायचे, सीट मागे पाडायचे, काचा लावायचे आणि गारव्यात झोपायचे. "फुकटचा एसी," म्हणायचे. उठले की मात्र डोकं धरून बसायचे. मी उन्हाला, चष्म्याला, ह्यांच्या तंबाखूला, सगळ्यांना बोल लावून पाहिला.

वन्सं राहायला आल्या आणि पहिल्याच दुपारी गाडीच्या काचेला नाक लावून उभ्या राहिल्या.

"हा झोपेत धापा का टाकतोय गं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी भंगारवाल्याचा काटा मागून आणला. ह्यांच्या झोपेआधी सगळी खोकी तोलली, नंतर पुन्हा तोलली. रात्री ताटावर बसल्यावर विषय काढलाच.

"तू झोपलास तेवढ्यात पाव किलोवर बर्फ उडाला. ह्या वायूचा एक मोल म्हणजे चव्वेचाळीस ग्रॅम. म्हणजे झाले साधारण सहा मोल. ह्या उकाड्यात एका मोलाला पंचवीस लिटर जागा लागते. दीडशे लिटर वायू झाला. तुझ्या गाडीत हवा मावते जेमतेम तीन हजार लिटर."

"बरं, मग?"

"मग शंभर भाग हवेत पाच भाग हा वायू. एरवी अर्धा भागसुद्धा नसतो. त्यात तो जड, खाली साचतो. आणि तू झोपतोस कुठे? खालीच!"

"पाव किलोनं माणूस मरतो होय?" हे हसले. "ताई, आमच्याकडे सगळेच ड्रायव्हर असे झोपतात. उद्या तर मोठी ऑर्डर आहे. खोकी दुप्पट, गारवा दुप्पट."

वन्संचा घास हातातच राहिला. "दुप्पट खोक्यांत झोपलास तर उठायचा नाहीस."

"झालं मला नापास करून?" म्हणत हे ताटावरून उठले. त्यांनी सगळं हसण्यावारी नेलं. माझा मात्र जीव टांगणीला लागला. आकडे मला कळले नव्हते, पण वन्संचा आवाज कळला होता. तो शिकवण्याचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी हे जेवून, हात पुसत बाहेर आले, तर गाडीत वन्सं. सीट पाडून कधीच्या आडव्या झालेल्या, मागे दुप्पट खोकी, काचा वर, दारं आतून बंद आणि किल्लीही आतच.

"झोपू दे, दमली असेल," म्हणून हे पायरीवर बसले. पण थोड्याच वेळात त्यांचं हसू मावळलं. वन्संची छाती भराभर वरखाली होत होती. एवढ्या गारव्यात कपाळ घामानं डबडबलं होतं. एक हात डोक्याला, दुसऱ्या हातात घड्याळ, डोळ्यांसमोर धरलेलं.

"ताई, दार उघड!"

त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. ह्यांनी काचेवर मुठी आपटल्या. मी तर नुसती ओरडत सुटले. हे काच फोडायला दगड घेऊन धावले, तेवढ्यात दार उघडलं. वन्सं कशाबशा उतरल्या आणि पायरीवर टेकल्या.

मला त्यांचा भयंकर राग आला. तो अजून गेलेला नाही. ह्या वयात जिवाशी असा खेळ कुणी करतं? हे गाडीकडे गेले. सगळ्या काचा खाली केल्या, मागचं दार सताड उघडलं. मग ताईसमोर उकिडवे बसले आणि लहान पोरासारखे ओक्साबोक्शी रडले. त्यांना असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"हिशोब करूनच बसले होते रे," वन्सं धापा टाकत म्हणाल्या. "अजून थोडा वेळ होता माझ्याकडे."

"आणि गणित चुकलं असतं तर?"

वन्संनी त्यांच्या केसांतून हात फिरवला.

"म्हणून तर मी झोपले. तुला नाही झोपू दिलं."