ऊन असेल तोवर

कॉलेजातून घरी आले की मी चप्पल काढायच्या आधी आईच्या खोलीत जाते आणि तिच्या ऑक्सिजनच्या मशीनवर हात ठेवते. मशीन कोमट असलं की जीव भांड्यात पडतो. गार असलं की आमच्याकडे महाभारत.

आई अमरावतीची. बाबा गेल्यावर तिचं श्वासाचं दुखणं वाढलं, म्हणून आम्ही तिला जयपूरला आणलं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, अंघोळ सोडली तर नळी नाकातच राहिली पाहिजे. आईने गुणी मुलीसारखी मान हलवली. आणि मी कॉलेजला शिकवायला, नवरा ऑफिसला गेला की ही बाई खुशाल मशीन बंद करून ठेवायची! आम्ही यायच्या सुमाराला पुन्हा चालू. एकदा मी लवकर आले तेव्हा पकडली गेली. ओठ निळसर पडलेले आणि बाईसाहेब मेथी निवडत बसलेल्या.

"काहून बंद केलं?" मी ओरडलेच. चिडले की माझ्या तोंडून अमरावतीच निघते.

"किती वीज खाते ते! जावयाच्या घरी राहायचं आणि वरून दिवसभर वीज जाळत बसायचं का मी?"

जावयाचं घर! मी काय इथे माशा मारते? पण आईच्या हिशेबी लेकीचं घर म्हणजे जावयाचंच घर. तिथे पाहुणीसारखं राहायचं, दुसऱ्यांदा भाजी मागायची नाही. समजावलं, रागावले, बटणावर चिकटपट्टी लावली. ती तिने नखाने सोलून काढली.

शेवटी नवराच म्हणाला, "छतावर सोलर बसवू. ऊन तर जावयाचं नसतं ना?"

मला तेव्हा त्याचा मुका घ्यावासा वाटला. जयपुरात दुसरं काही असो नसो, ऊन रग्गड.

पॅनल बसवायला माणसं आली तेव्हा आई नळी ओढत दारापर्यंत आली. त्यांच्यातला एक म्हणाला, "पच्चीस साल चलेगा, माताजी." आई हसली. इतकं हसली की तिला खोकल्याची उबळ आली आणि मला पाणी आणायला धावावं लागलं.

पॅनल बसले, पण चालू होईनात. वीज कंपनीचा नवीन मीटर लागल्याशिवाय करंट सोडता येत नाही म्हणे. मी रोज फोन करायचे, तिकडून रोज एकच उत्तर, "बस, दो दिन, मैडम." वर पॅनल उन्हात तापत पडलेले, खाली आईचं मशीन गार. दुपारी तास संपला की मी आईला फोन करायचे, "नळी लावलीस ना?" ती म्हणायची, "लावली न बापा." मला तिच्या आवाजावरून कळायचं की लावलेली नाही. संध्याकाळी छतावर जावं, तर माकडं पॅनलवर पाय पसरून बसलेली. काठी घेऊन मी त्यांच्यावर जो राग काढायचे, तो माकडांचा नव्हताच.

एकदाचा मीटर लागला. भिंतीवरच्या खोक्यावर हिरवा दिवा पेटला. आईने त्या खोक्याला हळदकुंकू वाहिलं. मी तिला जवळ बसवून म्हटलं, "आता ऊन असेल तोवर वीज सूर्यनारायणाची. कुणाची जाळतेस असं मनातसुद्धा आणायचं नाही." तिने हिरव्या दिव्याला हात जोडले. त्या दिवसापासून मशीन रोज कोमट. आईच्या ओठांना रंग आला, जेवायला बसली की दुसऱ्यांदा भाजी मागायला लागली. मी फोन करणंही सोडून दिलं.

मग जूनमध्ये एका ढगाळ दिवशी दुपारी आंधी आली. मी वर्गात होते. आभाळ आधी पिवळं झालं, मग मातकट, आणि खिडक्या धडाधडा आपटायला लागल्या. माझ्या डोक्यात एकच, पॅनल उडाले तर? आणि वीज गेली तर? मशीन थांबलं तर लागेल म्हणून छोटा सिलेंडर ठेवला होता, पण आईला त्याची चावी फिरवता येईल का? तास सोडून स्कूटर काढली. तोंडात, डोळ्यांत सगळी धूळ. रस्त्यात मोडून पडलेल्या फांद्या चुकवत स्कूटर दामटली. गल्लीत शिरताच वर पाहिलं. पॅनल जागच्या जागी. मी तिथेच रस्त्यात हुश्श केलं.

घरात शिरले. फ्रिज गुरगुरत होता, म्हणजे वीजही होती. पण आईच्या खोलीतून मशीनचा आवाज नाही.

मशीनवर हात ठेवला. गार.

आई उशीला टेकून बसली होती, तोंडाने श्वास घेत. ओठ पुन्हा तसेच. मी बटण दाबलं, नळी लावली, बोटाला ऑक्सिजन मोजायचा मीटर लावला. आकडा खूपच खाली होता. तो वर चढेपर्यंत मी तिचं बोट धरून बसले, आणि मग जे सुटले! "मरायचंय का तुला? एवढं सगळं कुणासाठी केलं?"

"काहून ओरडून राहिली?" ती दम खात म्हणाली. "सकाळपासून ऊन कुठे आहे? तूच म्हणाली होती न, ऊन असेल तोवर."

सकाळपासून. म्हणजे मागेही कधी ढग आले असतील, तेव्हाही तिने बंदच ठेवलं असणार.

शेवटी तिला समजेल असं सांगितलं. "आई, तू उन्हाळ्यात कुरडया करून डबे भरायचीस ना? तसंच आहे हे. जास्तीची वीज आपण वीज कंपनीकडे ठेवतो. ऊन नसलं की ती वापरायची. बेगमी आहे आपली."

"बेगमी," ती म्हणाली. हे तिला पटलं. "मग आधी नाही का सांगायचं?"

बाहेर वारा पडला होता. मी उठून खिडकीतली धूळ पुसायला लागले.

"चांगलं झालं," ती मागून म्हणाली. "मी गेल्यावर उरलेली तुम्हाला पुरेल."

मी मागे वळले नाही. पुसलेलीच खिडकी पुन्हा पुसत राहिले.