दात्यांच्या नावांवर नाचताना

कार्तिकातल्या संध्याकाळी केसांत माळलेल्या शेवंतीच्या वळेसरांचा आणि कापलेल्या भाताचा ओलसर गंध डिचोलीकडच्या आमच्या देवळात एकवटतो, तेव्हा संगमरवराचा गारवा आधी माझ्या तळव्यांना कळतो. जत्रेतलं माझं भरतनाट्यम याच मंडपात आणि मुलींचा वर्गही इथेच. लादीलादीवर दात्याचं नाव कोरलेलं आहे. त्या पुण्यवंत नावांवर वर्षानुवर्षं अनवाणी टाचा आपटता आपटता माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा झिजला.

म्हापशाचे डॉक्टर आडपडदा न ठेवता बोलले. शस्त्रक्रिया करून सांधा कायमचा जखडला की वेदना थांबेल, चालणं सुखाचं होईल, पण चवड्यावर उठणं संपेल, म्हणजे नाचही संपेल. दगड सोडून लाकडावर नाचलात तर अजून काही वर्षं निघतील, असंही ते म्हणाले.

म्हणून मी देवस्थान समितीच्या अध्यक्षांकडे, भाऊंकडे, गेले आणि मंडपात लाकडी फळ्या मागितल्या. भाऊ अगदी मायेने म्हणाले, "फळ्यो घाल्यार दात्यांचीं नांवां धांपतलीं न्हय, बाय?" नावं झाकली जातील, हे त्यांचं दुःख खरं होतं, आणि त्याचाच मला अधिक संताप आला. घरी येऊन मी शस्त्रक्रियेची तारीख ठरवली आणि जत्रेत नाचणार नाही असं कळवून टाकलं.

माझ्या जागी पणजीहून एक नर्तकी ठरली. दगडावर आपण नाचत नाही, एवढंच तिने फोनवर सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी साखळीहून फळ्यांचा टेम्पो आला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही उगीच नाही. न राहवून मी बघायला गेले. रंधा मारलेल्या लाकडाच्या ताज्या वासाने मंडप भरला होता आणि दात्यांची नावं खाली निमूट झाकली गेली होती. कुणाची काही तक्रार नव्हती.

भाऊ जवळ आले. "आतां फळ्यो आसात, बाय. फुडल्या वर्सा तूं नाच."

पुढच्या वर्षी हा अंगठा वाकणार नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. मीही सांगितलं नाही. फळीवर पाय ठेवला तेव्हा ती किंचित दबली, आणि गुरुवारची शस्त्रक्रियेची तारीख मोडावी असं फार वाटलं.

अजून मोडलेली नाही. इतकी वर्षं सगळं दुखणं पायातच आहे असं मी समजत होते. डॉक्टर पायातलं तेवढं काढतील. बाकीचं घेऊन मलाच घरी यायचं आहे.